किरणच्या फाईलमध्ये माझं वजन

आता काय सांगू तुम्हाला! चहा गरम आहे तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर आमची ही मीठमसाला लावून सांगेलच.

पारोळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. किरण माझी एकुलती मुलगी. दहा वर्षांची असताना तिला किडनी बसवली. किडनी माझीच. तेव्हापासून आठ वर्षं जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आमच्या फेऱ्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, गोळीची वेळ मी एकदाही चुकू दिली नाही. डॉक्टर तिला विचारायचे, "कसं वाटतंय?" उत्तर कोण देणार? मी! पोरगी नुसती मान हलवायची.

ती अठराची झाली. डॉक्टर म्हणाले, "आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. तिथं किरण एकटी आत जाईल, स्वतःचं स्वतः सांगेल. तुम्ही बाहेर बसायचं."

बाहेर? अहो, माझी किडनी आत आणि मी बाहेर?

त्यात किरणला धुळ्याच्या कॉलेजात, हॉस्टेलला राहायचं होतं. नव्या डॉक्टर मॅडमनी हो म्हटलं तरच जायचं, असं ठरलेलं. निघताना बायकोनं बजावलं, "तिले बठ्ठं, सगळं सगळं पाठ शे. तुम्ही फक्त गप बसा!"

बसलो की गप! दवाखान्यात किरण तपासणीचं रक्त द्यायला गेली, फाईल माझ्या मांडीवर. तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली, "किरण पाटील! वजन-बीपी!"

गर्दी म्हणजे काय विचारू नका. नंबर गेला तर अख्खी दुपार गेली. मी फाईल घेऊन पुढे. सिस्टर मान वर न करता म्हणाली, "चप्पल काढा, काट्यावर उभे राहा."

आणि मी राहिलो! का राहिलो? मला वाटलं, इथं किडनी देणाऱ्यालाही तपासत असतील. मोठ्यांचा दवाखाना, पद्धत वेगळी! खरं सांगू, जरा बरंच वाटलं. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, आकडे लिहिले, चिठ्ठी फाईलला टाचली.

किरण आली आणि फाईल घेऊन ऐटीत आत गेली. मी दाराला कान लावला. लोक बघत होते. बघू द्या!

पोरगी धडाधड सांगत होती. गोळ्यांची नावं, वेळा, ताप आला तर कोणाला फोन करायचा, सगळं. मला भरून आलं हो. मग मॅडमचा आवाज आला.

"सगळं बरोबर आहे गं. पण वजन चौऱ्याऐंशी? फाईलमध्ये तर मागच्या वेळी शेहेचाळीस आहे! बरं, लिहिताना चुकलं असेल. पण बीपी एकशेसाठ-शंभर? अशी मी हॉस्टेलला पाठवणार नाही. आधी ॲडमिट हो."

मी दार ढकलून थेट आत!

"मॅडम, परवा तिनं पापड खाल्ला. एकच! मी नको म्हणत होतो!"

किरणनं चिठ्ठी बघितली. मग मला बघितलं. माझ्या पोटाकडे जरा जास्तच वेळ.

"पप्पा, तुम्ही काट्यावर उभे राहिले होते?"

"सिस्टर म्हणाली ना..."

"तिनं नाव माझं घेतलं ना?"

"अगं, आठ वर्षं तुझं नाव घेतलं की मीच उठतोय!"

मॅडमना हसू आवरेना. किरणचं सगळं पुन्हा मोजलं, एकदम ठणठणीत. हॉस्टेलच्या कागदावर सही झाली. मी देवाला हात जोडले आणि फाईल उचलली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे हे बीपी तुमचं! एका किडनीवर एवढं? शेवटची तपासणी कधी केली?"

मी किरणकडे वळलो. "कधी केली गं?"

"चार वर्षं झाली, मॅडम. मी दरवेळी सांगते, हे म्हणतात दुकान आहे."

"असं का? किरण, तू बाहेर बस. यांना स्वतःचं स्वतः सांगू दे."

दार बंद झालं आणि मला एका प्रश्नाचं उत्तर धड येईना!

आता किरण धुळ्याला, मजेत आहे. रोज सकाळी आठला फोन येतो. "पप्पा, बीपीची गोळी घेतली?"

मी म्हणतो, "घेतली!"

ती म्हणते, "मम्मीला द्या फोन."