निळं टेबल, गुलाबी टेबल

आमचं दुकान वर्ध्याच्या बाजारात आहे. पूर्वी तिथे प्लास्टिकच्या बादल्या, डबे आणि थोडीफार खेळणी मिळत. सासरे गेल्यावर भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने, खेळण्यांचा धंदा वाढवला. दुपारी मुलीची शाळा सुटली की तिला घेऊन मीही जवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या एकत्र घरून दुकानात जाऊन बसायची. नवरा हिंगणघाटला नोकरीला, तो रविवारीच दुकानात दिसे.

ठोकळे जोडून वस्तू बनवायचे डबे विकायला आले, तेव्हा कंपनीने सोबत एक मोठा रॅकही पाठवला. त्याची अर्धी बाजू निळी, अर्धी गुलाबी. निळ्या बाजूला क्रेन, पूल, ट्रक, आगीचा बंब. गुलाबी बाजूला केकचं दुकान, ब्यूटी पार्लर, राजकन्येचं घर. तो रॅक आल्यापासून माझं काम सोपं झालं होतं. गिऱ्हाईक आलं की एवढंच विचारायचं, मुलगा की मुलगी? उत्तर मिळालं की हात आपोआप त्या बाजूला जायचा.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. दुकानात भासऱ्यांनी तिच्यासाठी गल्ल्याशेजारी एक स्टूल ठेवलं होतं. ती त्यांना मोठेबाबा म्हणायची आणि त्यांचा तिच्यावर जीव होता, हे मला आधीच सांगायला हवं. एकदा त्यांनी गुलाबी बाजूचं पार्लर तिला उघडून दिलं. तिने ते लगेच उभं केलं आणि माझ्याकडे आणून ठेवलं. "यात जोडाचं काय हाये?" ती म्हणाली. "भिंत आधीच जोडलेली, आरसा आधीच लावलेला. नुसती बाई खुर्चीवर बसवाची." मी डबा हातात घेऊन पाहिला. खरंच तसं होतं. रोज विकत असूनही माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

तिला क्रेन हवी होती. सिंदीला माझ्या माहेरी जाताना रस्त्यात एका पुलाचं काम चालू होतं. तिथे क्रेनने लोखंडी तुळई उचललेली तिने पाहिली होती आणि ती तुळई खाली का पडत नाही, हे ती कितीतरी दिवस विचारत राहिली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कंपनीच्या नागपूरच्या माणसाने आमच्या दुकानासमोर मुलांची स्पर्धा ठेवली. जो चांगलं बनवेल त्याला बक्षीस, आणि फोटो कंपनीकडे जाणार. मुलीने भासऱ्यांना विचारलं होतं, मी क्रेन बनवू का? ते माल मोजत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "बनवजो." ती त्या शब्दावर आठवडाभर खूश होती.

त्या दुपारी दुकानासमोर कापड ताणून दोन टेबलं लावली. एकावर निळी चादर, एकावर गुलाबी. मी आत डब्यांना कागद गुंडाळत होते, त्यामुळे सुरुवात मी पाहिली नाही. बाहेरचा गलका एकदम कमी झाला, म्हणून मान वर केली. माझी मुलगी निळ्या टेबलाशी मुलांच्या ओळीत बसली होती आणि कंपनीचा माणूस भासऱ्यांच्या कानाशी काही बोलत होता. मग भासरे वाकून तिला म्हणाले, "बेटा, तिकडं बस."

"काऊन? मले क्रेन बनवाची हाये. तुम्ही बनवजो म्हटलं होतं."

"इथं पोरं बसतेत."

"असं कुठं हाये?"

भासऱ्यांनी डब्यावर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत बॉईज असं लिहिलेलं होतं. तिने ते वाचलं, पण ती उठली नाही. बाजारातले लोक थांबून पाहायला लागले होते. भासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला आतून दिसल्या. त्यांनी तिचा दंड धरला, तिला उठवलं आणि गुलाबी टेबलाशी नेऊन बसवलं. जोर केला नव्हता. पण तिला असं धरून त्यांनी याआधी कधीच हलवलं नव्हतं.

मी बाहेर येऊन दाराशी उभी राहिले. नवरा गल्ल्यावर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सुटे पैसे चाळायला लागला.

स्पर्धा सुरू झाली. गुलाबी टेबलावरच्या मुली भराभर डबे फोडत होत्या. माझी मुलगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. ती रडत नव्हती. समोरचा डबा बंद होता आणि ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. कंपनीचा माणूस मोबाईल धरून फिरत होता. तिच्यापाशी येऊन तो थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाभीजी, बच्ची को बोलिए ना थोडा हँस दे. फोटो खराब हो रहा है."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी भासऱ्यांशी मी मोजकंच बोलायची, चार लोकांत तर नाहीच. त्यांनीही कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या क्षणी आपण आत निघून जावं असंच मला वाटत होतं. पण ती हात दाबून तशीच बसली होती.

मी भासऱ्यांजवळ गेले. "दादा, तिले क्रेनचा डब्बा द्या."

ते हळू आवाजात म्हणाले, "घरी देतो. दोन देतो. आता नाई."

"घरी नको. इथं पायजे."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

ते हलले नाहीत. मग मीच रॅकवरून क्रेनचा डबा काढला आणि गुलाबी चादरीवर तिच्यासमोर ठेवला. कंपनीच्या माणसाने मोबाईल खिशात घातला.

तिने हात बाहेर काढले. बोटांवर खुर्चीच्या कडेचे वळ उमटले होते. बाकीच्यांचं निम्म्यावर आलं होतं, म्हणून ती घाई करत होती. शेजारची मुलगी आपलं केकचं दुकान सोडून तिला चाकं निवडून द्यायला लागली. खांब उभा झाला, वरचा लांब दांडा बसला, दोरा ओवला. तिने आकडीला ठोकळा अडकवून दोरा ओढला आणि अख्खी क्रेन पुढे कलंडून टेबलावर पडली. तुकडे जमिनीवर गेले. गर्दीतला एक माणूस हसला आणि सहज म्हणाला, "म्हणून म्हणतेत ना, पोरीचं काम नाई ते."

भासऱ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मुलगी टेबलाखाली शिरून तुकडे गोळा करत होती आणि तेवढ्यात वेळ संपली. बक्षीस निळ्या टेबलावरच्या एका पुलाला मिळालं.

संध्याकाळी घरी जेवताना कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. जाऊबाई वाढत होत्या. मुलगी लवकर जेवून आतल्या खोलीत गेली, तेव्हा भासरे ताटात पाहत म्हणाले, "तू मले माझ्याच दुकानासमोर खाली पाहाले लावलं."

"पोरगी हात दाबून बसली होती, ते नाई पाहिलं तुम्ही?"

बराच वेळ ते भात कालवत राहिले.

"पाहिलं," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्यानंतर महिनाभर तरी ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. सांगायचं ते नवऱ्यामार्फत सांगत. रॅक तसाच राहिला, निम्मा निळा, निम्मा गुलाबी. मी मात्र गिऱ्हाइकाला मुलगा की मुलगी विचारायचं सोडलं. लेकराला काय करायला आवडतं, असं विचारायला लागले. लोक गोंधळत. पुष्कळजणी म्हणत, मुलगी आहे, गुलाबीच द्या. मी देत असे. उगीच वाद घालत नसे, पण उघडून आतलं काय ते दाखवत असे. त्यात वेळ जाई आणि भासरे गल्ल्यावरून घड्याळाकडे पाहत.

मुलीने दुसऱ्याच दिवशी घरी क्रेन पुन्हा उभी केली. मागच्या बाजूला वजन लागतं हे तिला कळलं. तिने तिथे फुटकं कुलूप बांधलं. पण दुकानात यायचं तिने बंद केलं. शाळेतून थेट घरी जायची आणि जाऊबाईंपाशी थांबायची. मी विचारलं तर अभ्यास आहे म्हणायची. स्टूल गल्ल्याशेजारी रिकामं असायचं. भासरे त्यावर काही ठेवू देत नसत.

संक्रांतीनंतर एका रविवारी ते चपला घालताना तिच्यापाशी थांबले. "चाल, दुकानात येतं का?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कुठं बसू?"

त्यांचा चेहरा उतरला. "तुले जिथं बसाचं तिथं बस," ते म्हणाले. "मी उठवणार नाई."

ती काही वेळ दाराची कडी वरखाली करत राहिली. मग गणिताचं पुस्तक घेऊन त्यांच्या स्कूटरवर मागे बसली. नेहमी ती त्यांच्या कमरेला विळखा घालायची. त्या दिवशी तिने सीटची कडा धरली होती.