हॅलोताईंची पाठमोरी शाळा

नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस जेवलाय की उपाशी आहे, हे हॅलोताई ओळखायच्या. मला आधी ही थाप वाटली होती. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी नवीन लागले होते. काहीतरी विचारायला त्यांना वरच्या मजल्यावरून फोन केला, तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाल्या, "आधी दोन घास खा गं, मग बोल." सकाळपासून पोटात चहाशिवाय खरंच काही नव्हतं.

आमची कंपनी सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल करते. ऑफिसात आलेला प्रत्येक फोन आधी हॅलोताईंच्या टेलिफोन बोर्डावर यायचा. आडनाव कांबळे, मूळच्या अकोल्याच्या, राहायला चेंबूरला. साडी कडक इस्त्रीची. फोनवर लोण्यासारख्या मऊ आणि समोरासमोर भयंकर फटकळ. "फोनवर सगळा गोडवा संपतो, तुमच्यासाठी उरत नाही," असं वर सांगायच्या.

मग साहेबांनी ऑफिसचा अर्धा मजला सोडायचं ठरवलं. तक्रारी घेणाऱ्या आम्ही आठ जणांनी आता कायम घरूनच काम करायचं होतं. मी खूश झाले. माझी मुलगी सहा महिन्यांची होती, मुलुंडहून रोजची ये-जा जमत नव्हती. आमच्यातला नितीन तर वडिलांच्या आजारपणामुळे सावंतवाडीलाच राहायला गेला होता. पण पहिल्याच आठवड्यात आमची वाट लागली. फोनवरच्या मीटिंगमध्ये एक तर सगळे एकदम बोलायचे, नाहीतर कोणीच बोलायचं नाही. बोरिवलीच्या एका सोसायटीत दोन मेकॅनिक पोचले आणि कांदिवलीत एकही नाही. साहेबांनी बाहेरून ट्रेनर बोलावला. त्याने दोन तास स्लाइड दाखवल्या आणि तो गेला. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "महिनाभरात सुधारलं नाही, तर सगळ्यांनी अंधेरीला यायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी दुसरीकडे बघावं." म्हणजे मी आणि नितीन.

हे हॅलोताईंच्या कानावर गेलं. त्या तडक केबिनमध्ये शिरल्या. "साहेब, न दिसणाऱ्या माणसांबरोबर काम कसं करायचं, हे या ऑफिसात कोणाला येतं? मला. तीस वर्षं तेच करतेय. एक दिवस द्या मला."

त्या दिवशी नितीनही मुद्दाम आला. मीटिंगरूममध्ये आठ खुर्च्या गोल मांडलेल्या, तोंडं भिंतीकडे, पाठी एकमेकांकडे. हॅलोताईंनी फर्मान काढलं, "आज दिवसभर असंच काम. मान वळवायची नाही." पहिला तासभर आम्ही नुसते हसत होतो. "अरे, कोण बोललं?" "मी." "मी म्हणजे कोण, यार?" तेवढ्यात मागून आवाज यायचा, "आधी नाव, मग काम!" मी "हो, कळलं" म्हटलं की लगेच, "कळलं म्हणू नकोस. काय कळलं ते सांग." जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही पाठीला पाठ लावून सुरळीत काम करत होतो. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. "जो गप्प असेल ना, त्याला त्या दिवशी वेगळा फोन करा. कामासाठी नाही, असाच."

पंधरा दिवसांनी घाटकोपरला भर दुपारी एक आजी लिफ्टमध्ये एकट्या अडकल्या. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये. त्यांच्या हातातल्या मोबाइलवरून आलेला फोन सावंतवाडीत नितीनने घेतला. आजींना धाप लागली होती, रडू आवरत नव्हतं. मी मुलीला मांडीवर घेऊन मेकॅनिक शोधला आणि आम्हा सगळ्यांच्या सामायिक कॉलवर सांगितलं.

"मेघना बोलतेय. मेकॅनिक पवईहून निघालाय, वीस मिनिटं."

"नितीन बोलतोय. पवईहून, वीस मिनिटं. आजींना सांगतो, त्यांना बोलण्यात गुंतवतो."

कोणी कोणाच्या बोलण्यात घुसलं नाही. नितीनने आजींना विचारलं, आज जेवायला काय केलंत? मग कोळंबीच्या कालवणाची कृती सुरू झाली. धाप हळूहळू उतरली. मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा आजी त्याच्यावरच डाफरल्या, "थांब रे जरा, ह्याला वाटण सांगायचं राहिलंय!"

साहेब त्या कॉलवर पहिल्यापासून ऐकत होते, हे आम्हाला मागाहून कळलं. ते एवढंच म्हणाले, "घरीच बसा सगळे." मी मुलीला उचलून घरभर नाचले.

त्यानंतर कंपनीतल्या प्रत्येक टीमला हॅलोताईंनी भिंतीकडे तोंड करून बसवलं. हिशेबनीसांनासुद्धा. आता नव्या लोकांना मी बसवते आणि त्यांच्याच सुरात ओरडते.

ऑफिसातला टेलिफोन बोर्ड काढला त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. साहेबांनी थांबायचा आग्रह केला. "नको," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं न दिसणाऱ्यांशी बोलले. आता दिसणाऱ्यांशी बोलते."

मग त्या फोन उचलेनाशाच झाल्या. महिनाभर मी रोज लावत होते. शेवटी घाबरून, मुलीला कडेवर घेऊन चेंबूर गाठलं. ताई बिल्डिंगखालच्या बाकावर चार मैत्रिणींबरोबर हसत बसलेल्या. मोबाइल शेजारी पिशवीत वाजत होता, कारण चालता चालता मीच फोन लावला होता.

"ताई, फोन का उचलत नाही तुम्ही? जीव टांगणीला लागला ना माझा!"

त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं, मांडीवर बसवलं आणि मैत्रिणींना सरकायला सांगून मला जागा केली.

"उचलला असता," त्या म्हणाल्या, "तर तू आली असतीस का गं?"