फौजींची जीप त्या वळणावर का थांबते

मागच्या महिन्यात तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या जीपमध्ये मी मुद्दाम पुढची सीट धरली. ड्रायव्हरवर लक्ष ठेवायचं होतं... माझ्या ताईसाठी त्यांचं स्थळ आलं होतं, आणि मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

ते सैन्यातून रिटायर होऊन आलेत, आता जीप चालवतात. सगळे त्यांना फौजीच म्हणतात. ब्राह्मणपुरीला आमच्या घरी ताईला बघायला आले तेव्हा मी शहाद्याला कामावर होतो, त्यामुळे मी फक्त फोटो पाहिलेला. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला चौकशीला पाठवलं. "दारू पेस का, तेवढं देखी ये. बाकीनं मी देखी लिसू."

मी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये प्रूफं तपासतो. शिक्षण बारावीत सुटलं, पण चुकलेली वेलांटी अजून सहन होत नाही. समोर आलेल्या प्रत्येक ओळीवर संशय घ्यायचा, याचाच मला पगार मिळतो...

त्यात वाचनालयातून आणलेली एक कादंबरी डोक्यात बसली होती. परदेशी आहे, मराठीत आणलेली. पहिली पानं फाटलेली, म्हणून नाव काही कळलं नाही. मोठं युद्ध संपलंय आणि एका बंदराच्या गावात काही मित्र परत आलेत, एवढीच गोष्ट. दिवससुद्धा उलटसुलट येतात, मला तर आधी वाटलं बाइंडिंगच चुकलंय.

त्यात एक नकाशे काढणारा आहे. चौकात नवा पुतळा बसलाय, त्याच्याखाली 'शौर्य' आणि 'त्याग' असे शब्द कोरलेत. ते वाचून तो हसत सुटतो, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही. जेवता जेवता तो मध्येच उठून बाहेर जातो, परत येतो तो एकदम खुशीत. कुठे जातो, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

एक नर्स त्याच्याशी लग्न करते. ती त्याच्या डॉक्टर मित्राला विचारते, हा दारू पितो का? डॉक्टर म्हणतो, नाही. ते खरंच असतं... पण विचारलं तेवढंच तो सांगतो. बाकीचं त्याला माहीत असतं, तरी गप्प बसतो. शेवटी ती नर्स बंदरावर एकटी उभी.

मला त्या नर्सच्या जागी ताई दिसायला लागली. म्हणून मी जीपमध्ये बसलो होतो.

फौजी फार बोलत नव्हते. मागे कोणी काही विनोद केला की थोडं हसायचे, पण उशिरा. मी तेही मनात टिपून ठेवलं. घाट सुरू झाला आणि एका वळणावर त्यांनी अचानक गाडी कडेला घेतली. सीटखालून एक हिरवी बाटली काढली आणि खडकामागे गेले.

नकाशेवाला असाच उठून जायचा... आश्चर्य म्हणजे मागे भरगच्च जीप, पण कोणी विचारलं नाही की गाडी का थांबली. मी लघवीचं निमित्त करून उतरलो आणि मागोमाग गेलो.

ते दोन्ही हात खडकावर ठेवून उभे होते. तापात थरथरावेत तसे हात थरथरत होते. बाटलीतलं पाणी मनगटांवर ओतलेलं.

"पानीच शे," ते मागे न बघता म्हणाले. "वास लेवाना व्हई ते ल्या."

मी बाटलीला हात लावला नाही. मग तेच म्हणाले, "फौजमाईन उनू तवयपाईन कधी कधी असं व्हस. हात थांबतस तवलोंग मी स्टेअरिंगले हात लावत नही. घर सांगा बरं."

फौजेतून आल्यापासून असं होतं आणि हात थांबेपर्यंत ते गाडी चालवत नाहीत, हे कळलं. पण घरी सांगा? मी कोण, हे तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. "तुमनं नाक आन तुमनी ताईनं नाक एकच शे," ते म्हणाले आणि जीपकडे गेले.

धडगावला उतरल्यावर मागे बसलेल्या पाड्यावरच्या एका आजीला मी विचारलं, दुसऱ्या जीपा लवकर पोचतात, मग याच जीपमध्ये का? तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "हा थांबतो. दुसरा नाय थांबत."

तरी परत येताना माझा संशय गेला नव्हता. हात कशाने थरथरतात? घरात थरथरले तर? वाढतच गेलं तर? ताईला पुढे काय बघावं लागेल, ते मला त्या वळणावर सगळं कळलं होतं असं नाही...

घरी अण्णांनी एवढंच विचारलं, "पेस का?" मी म्हणालो, "नही." अण्णा खूश होऊन बाहेर गेले. मी तिथेच उभा राहिलो. मी अगदी त्या डॉक्टरसारखं उत्तर दिलं होतं.

ताई अंगणात लाल मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. चांगलं स्थळ माझ्या तोंडाने मोडेल अशी भीती वाटत होती. तरी शेजारी बसलो आणि वळण, बाटली, हात, सगळं सांगून टाकलं. ती देठ खुडत राहिली.

मग म्हणाली, "त्यासनी मले पहिलाच फोनवर सांगेल शे. मी हो म्हनेल शे. तू सांगस का नही, तेच देखी ऱ्हायंती."

म्हणजे मी फौजींवर पाळत ठेवत होतो, आणि ताई माझ्यावर. अण्णांना तिने संध्याकाळी स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "थांबस ना पन? मंग ठीक शे."

पत्रिका आमच्याच प्रेसमध्ये छापतोय. प्रूफ मी तपासलं, मग ताईने तपासलं, मग फौजींनी मागवून घेतलं... या घरात कोणी कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. त्या नर्सला सांगणारं एकही माणूस नव्हतं, माझ्या ताईला दोघांनी सांगितलं. यातला पहिला मी नव्हतो, याचंच मला जास्त बरं वाटतंय.