सिस्टरांचा हिरवा दिवा

आमच्या शेजारच्या शकुंतलाबाई भेटल्या की माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या दंडाकडे बघत. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपली, तरी सगळी कॉलनी त्यांना सिस्टरच म्हणे. सायकलला पिशवी अडकवून त्या घरोघरी म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला जात. सुई टोचताना एकच हुकूम, "हलायचं नाय. दुखत नसतंय." दुखायचं. पण तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

जालना रोडच्या चौकात दिवा हिरवा झाला की मागून मोटारसायकलींचा लोंढा सुटायचा. त्या गडबडीत एकदा डावीकडे वळणाऱ्या रशीदभाईंच्या रिक्षाने सिस्टरांना सायकलसकट आडवं केलं. रक्त बघून रशीदभाईंनाच घेरी आली. सिस्टरांनी आधी त्यांना पाणी पाजलं, मग स्वतःचा गुडघा बांधला.

मुलाने मात्र बजावलं, "आई, परत पडलीस तर सायकल भंगारात देणार." तेव्हा सिस्टरांचा चेहरा एवढासा झाला. सायकल गेली असती तर सिस्टर घरात बसून कुढल्या असत्या, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

सिस्टर थेट सिग्नलचं काम बघणाऱ्या साहेबांकडे गेल्या. "सायकलवाल्यांला येगळा दिवा द्या. आमचा आधी, बाकीच्यांचा मंग."

"बाई, सायकलवाले राहिलेत किती?"

"तुमी जगू दिले तेवढे."

मग त्या दर सोमवारी जाऊ लागल्या, तेही बीपीचं यंत्र घेऊन. साहेबांच्या दंडाला पट्टा आवळून म्हणत, "लई वाढलंय. दिवा बसवा, उतरंल."

अखेर सायकलचं चित्र असलेला छोटा दिवा बसला. तो बाकीच्यांच्या जरा आधी हिरवा होई. पहिल्याच दिवशी तो लागला आणि अख्खा चौक सुटला. हिरवं दिसलं की ते आपलंच, ही आमच्या गावाची जुनी समजूत. सिस्टर सायकल धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल रांगेपुढे आडवी लावली आणि गर्दीकडे तोंड केलं. "पायडल हाय का कुणाला? नाय? मंग हलायचं नाय. थांबल्यानं दुखत नसतंय!"

"काकू, तुमी पोलीस हाव का?" एका पोराने विचारलं. सिस्टरांनी शांतपणे त्याच्या दंडाकडे पाहिलं. त्याने गाडी बंद केली. दूधवाला आणि शाळेच्या दोन मुली निवांत पलीकडे गेल्या, त्यांच्यामागून सिस्टर. मग हे रोजचंच झालं, आणि त्या चौकात सिस्टर पुन्हा कधी पडल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. नंतर काही दिवसांनी मी त्या चौकात उभा होतो. सायकलचा दिवा हिरवा झाला. पुढे एकही सायकल नव्हती. मागून कुणीतरी हॉर्न दाबला, तसे माझ्या शेजारच्या रिक्षातून रशीदभाई अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "हिलने का नई! रुकने से दुखता नई!"

कुणी हललं नाही. पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत आम्ही सगळे आमच्या दिव्याची वाट पाहत राहिलो.

सिस्टर खोटं सांगायच्या. फार दुखलं.