आधी उतरायला शिकलेली बाई

बाइंडरबाई पन्नाशी ओलांडल्यावर डोंगर चढायला शिकली, आणि तेही पुस्तकातून. हे ऐकून ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. गल्लीने दोन वर्षं हसून घेतलं, नवऱ्याने घेतलं, क्लबातल्या सरांनी तर पोट धरून घेतलं. बाईने कोणाला दाद दिली नाही.

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. लाकडी टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, दाभण, मेण लावलेला दोरा आणि खळीचा कायमचा आंबूस वास. अठ्ठावीस वर्षं तिने इतरांची पुस्तकं शिवली आणि एकही धड वाचलं नाही. वाचत बसलं की हात थांबतात, असं तिचं म्हणणं. मग एकदा वाचनालयाने एक जाडजूड पुस्तक शिवायला पाठवलं. डोंगरात आणि रानात कसं वावरायचं, ते सगळं त्यात एका जागी होतं: दोर, गाठी, होकायंत्र, ओल्या लाकडाचा जाळ, बर्फावरचं चालणं, सारं चित्रांसकट. पहिली पानं वाळवीने खाल्ली होती, त्यात अनुक्रमणिका गेली. आधीच्या कोण्या कसायाने कडा कापताना पानांचे आकडेही उडवले होते. बाईने सोळा-सोळा पानांच्या घड्या, ज्यांना धंद्यात फर्मे म्हणतात, सुट्या केल्या, अंदाजाने लावल्या आणि शिवून टाकल्या. पुस्तक परत न्यायला कोणी येईना. चौकशी केली तर म्हणाले, ते आम्ही बाद केलं, तुम्हालाच ठेवा.

शेवटच्या फर्म्यात एका बर्फाच्या शिखराचं पानभर चित्र होतं. ते बघता बघता बाईचा चहा निवून गेला. तिला तिथे जायचं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं, आणि सांगायला ती कोणाला बांधीलही नव्हती.

मग घरात धुमाकूळ सुरू झाला. प्रेसच्या दांड्याला दोर बांधून ती गाठी मारायची आणि गिऱ्हाईक आलं तरी सोडायची नाही. पाठीवरच्या पिशवीत कागदाची रिमं भरून पाच मजले चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. गच्चीवर ताडपत्रीखाली झोपायची. एकदा ओल्या लाकडांचा जाळ करायला गेली आणि अख्ख्या इमारतीचे धुतलेले कपडे काळे केले. नवरा बसचा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त झालेला, त्याने कपाळाला हात लावला. या वयात लोकांच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात, म्हणाला. बाई म्हणाली, लाव ना मग, बाटली फडताळात आहे.

गावात गिर्यारोहणाचा एक क्लब होता. दर उन्हाळ्यात तो बर्फाच्या शिखरावर माणसं न्यायचा, अगदी त्या चित्रातल्याच. पण त्यासाठी यादीत नाव लागावं लागे, आणि यादी क्लब चालवणाऱ्या सरांच्या हातात. बाई आपलं पुस्तक काखेत मारून क्लबात गेली. सरांनी ते चाळलं, कपाटातून क्लबाची प्रत काढली, दोन्ही शेजारी ठेवली आणि हसायला लागले. बाईच्या पुस्तकात फर्मे मागेपुढे झाले होते. उतरण्याचा, माघारीचा, वाट चुकल्यावर काय करायचं त्याचा सगळा भाग तिने पुढे शिवला होता, आणि चढाई गेली होती मागे. अठ्ठावीस वर्षं बाइंडिंग करणाऱ्या बाईने.

"बाई, तुम्ही सगळं उलटं शिकलात," सर सगळ्यांदेखत म्हणाले.

बाईचे कान तापले. उतरण्याबद्दल नव्हे हो, शिवणीबद्दल. धंद्यातली असली चूक तिने शिकाऊ पोरींच्या पाठीत धपाटा घालून सुधारली होती. "शिवताना चुकले," ती म्हणाली. "वाचताना नाही चुकले. परीक्षा घ्या."

परीक्षा म्हणजे गावापासून दोन तासांवरचा एक डोंगर. अकरा माणसं निघाली. त्यांत एक नर्स होती आणि एक निवृत्त पोस्टमन. बाईच्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच लिहिलं होतं, की निघण्यापूर्वी मागे फिरण्याची वेळ ठरवा, कागदावर लिहा आणि खाली राहणाऱ्या माणसाकडे द्या. खाली राहणारा माणूस तिचा नवराच होता. हौसेने गाडी चालवत आला होता. तिने त्याला चिठ्ठी दिली: दोन वाजता, असू तिथून मागे. सर म्हणाले, अजून पाऊल उचललं नाही आणि हिला परतायची घाई. सगळे हसले, पोस्टमनसुद्धा. मग सरांनी शिस्तीवर तासभर भाषण केलं आणि मंडळी उशिरा निघाली.

बाई चढली. दमली, पण मागे पडली नाही. दोन वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता आणि पश्चिमेकडून ढग वर सरकत होता. बाई थांबली.

सरांनी आधी समजावलं. अर्धा तासच राहिलाय, म्हणाले. बाई म्हणाली, चढायला अर्धा, उतरायला तीन, आणि उजेड साडेतीन तासांचा. हा ढग कोणाच्या हिशोबात धरायचा? सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं.

"आत्ता शेपूट घातलंत तर यादीत नाव नाही."

बाईने माथ्याकडे पाहिलं. तिचा जीव तुटला, खोटं कशाला सांगा. दोन वर्षं पाच मजले चढउतार केला तो काय यासाठी? पण खाली तिच्या हातची चिठ्ठी घेऊन एक माणूस घड्याळ बघत बसला होता.

"मग नाही तर नाही," ती म्हणाली आणि वळली. नर्स वळली. पोस्टमनही वळला.

डोंगराच्या धारेवरून उतरताना जिथे जिथे वाट फुटत होती तिथे बाईने बाइंडिंगच्या लाल कापडाच्या पट्ट्या झुडपांना बांधल्या. मागच्यांसाठी. उजेड असतानाच तिघं खाली पोचली. उरलेली आठ जणं माथा गाठून आली, पण ढगात सापडली, भलत्याच धारेला लागली आणि एकाच्या पायाचा घोटा सुजला. ती पायथ्याशी पोचेपर्यंत रात्र झाली होती. पोचली तीही लाल पट्ट्या चाचपत. सरांनी त्यातली एक पट्टी झुडपावरून सोडवून खिशात घातली होती. तोंडाने मात्र म्हणाले, तुम्ही गट फोडलात.

महिन्याभराने सर दुकानात आले. क्लबाची मोठी नोंदवही, जिच्यात यादी असायची, तिची पाठ मोडली होती. वहीबरोबर एक छापील कागद होता: मी शिस्त मोडली, मला खेद आहे, खाली सही. सही केलीत की नाव घालतो, म्हणाले. आवाज मऊ होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला चुकायची सवय नव्हती.

नवरा म्हणाला, कर की सही, तुझ्या बापाचं काय जातंय? बाईने दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. शिखराचं चित्र काढून बघितलं. एकदा तर पेनाचं टोपणही उघडलं. मग तिला ती आठ माणसं आठवली, थंडीने काकडलेली, आणि पट्ट्या बांधणारीने माफी मागायची या विचाराने तिचं डोकंच फिरलं. रविवारी नर्स आणि पोस्टमनला घेऊन ती त्याच डोंगरावर गेली. लवकर निघाली. तिघं अकराला माथ्यावर होती आणि दोनच्या आत खाली.

सोमवारी तिने वही शिवली. वहीच्या पाठीला आतून रद्दी कागदाचं अस्तर लावतात, वरून कापड येतं. खळ तयार होती आणि सरांचा बिनसहीचा कागद मापाचा निघाला.

सर वही न्यायला आले, काम बघून खूश झाले. पानं उलटून उलटून त्यांनी शोधलं.

"माफीचा कागद कुठाय?"

"आतच आहे. वहीची पाठ मोडेल तेव्हा सापडेल," बाइंडरबाई म्हणाली. "पण ही माझी शिवण आहे. वीस वर्षं तरी वाट बघावी लागेल."