घंटेचा जुना लोलक

"वैशाली, तू ही काळी करून दे. पूर्वी होती तश्शी. शनिवारी एफोसा यायच्या आत," काकू म्हणाल्या.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या त्यांच्या घरी डायनिंग टेबलावर एक पितळी घंटा होती. वीतभर उंच, चार बाजूंची, वर निमुळती, आत लोंबता लोलक. पुढे माणसाचा चेहरा, बाकी बाजूंवर नक्षी. नायजेरियातल्या एडो लोकांचं काम. आधी मेणात आकार घडवतात, त्यावर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत पितळ ओततात. त्यांच्या घरी पूर्वजांच्या वेदीवर अशा घंटा असतात.

मी म्युझियममध्ये मेटल कॉन्झर्व्हेटर आहे. जुन्या धातूच्या वस्तू आणखी बिघडू नयेत हे बघते. त्या नव्यासारख्या करणं माझं काम नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.

काका निवृत्त डॉक्टर. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी इथे देवघर मांडलं, तेव्हा घंटा नव्हती. शेजारचे सर्जन डॉक्टर ओसाझे आपल्या घरातली घेऊन आले. "प्रार्थनेला लागते ना? माझ्याकडे आणखी आहेत." पुढे ते कुटुंब ओहायोत डब्लिनला गेलं. यंदा डॉक्टर वारले. थोरला मुलगा एफोसा आता वडिलांची वेदी मांडत होता. त्याने फोन करून घंटा परत मागितली, संकोचत.

आणि काकूंनी ती इतकी वर्षं दर सणाला चिंच लावून घासली होती. पॅटिना, म्हणजे धातूवर काळाने चढणारा गडद थर, साफ गेला होता.

"केमिकल लावून काळी करता येईल," मी म्हणाले, "पण मी करणार नाही. तो मेकअप होईल."

"मग कर की मेकअप! लग्नात नाही करत?"

"त्याला खरं सांगा."

"काय सांगू? तुझ्या वडिलांची वस्तू भांड्यासारखी घासली म्हणून?"

"भांड्यासारखी कशाला?" काका आयपॅडमधून मान वर न करता म्हणाले. "भांड्यांबरोबरच घासलीस."

मी घंटा लॅबमध्ये नेली. नक्षीच्या खाचांत चिंचेचा वाळलेला गाळ होता, चेहऱ्याच्या कपाळावर कुंकू. चिंचेतलं आम्ल खाचेत राहिलं की पितळाला हिरवी पूड धरते. लाकडी काडी, कापूस आणि क्षार काढलेलं पाणी, यांनी दोन दिवसांत सगळं काढलं. भिंगाखाली तडा दिसला नाही. कंडिशन रिपोर्ट लिहिला. त्यात चकाकीवर दोन पानं होती. शेवटी एक ओळ : लोलक नंतर बदललेला.

शुक्रवारी सकाळी एफोसाला फोन केला, त्याच्या मनाची तयारी करावी म्हणून. पॅटिना, आम्ल, सगळं समजावलं.

"चमकते? छान," तो म्हणाला. "माझी आजी लिंबाने घासायची. आवाज कसा आहे?"

"आवाज?"

"मी ती वाजवून डॅडना बोलावणार आहे. त्यांना आपल्या घंटेचा आवाज ओळखू यायला हवा ना."

फोन ठेवून मी घंटा वाजवली. टण्! थेट देवळातली. मी काकूंना फोन लावला.

"लोलक कधी बदलला?"

"पहिल्याच गणपतीत. जुना लोखंडाचा होता गं. नुसता ठक ठक करायचा, आरतीत कुणाला ऐकू जाईना. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पितळी आणला."

"आणि जुना?"

"असेल. मी काही फेकते का?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे," मागून काका.

दुपारी मी घंटा घेऊन गेले आणि आम्ही काकूंच्या गॅरेजमध्ये श्रीखंडाचे तीन रिकामे डबे उपडे केले. हुक, स्क्रू, पडद्यांच्या कड्या. त्यात लोलक म्हणता येतील असे लोखंडी तुकडे दोन निघाले. काकूंना दोन्ही ओळखीचे वाटत होते.

घंटेच्या आतपर्यंत काकूंचा हात पोचला नव्हता. तिथे जुना गडद थर शाबूत होता आणि त्यात समोरासमोर दोन झिजलेले खळगे होते, वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून झालेले. पितळी लोलक त्यांच्या बराच खाली, कडेवर आपटत होता. पहिला लोखंडी तुकडा आखूड पडला. दुसरा टांगला, हलवला. त्याचं टोक बरोबर खळग्यात बसलं.

शनिवारी एफोसा सहा तास ड्राइव्ह करून आला. तो बूट काढत असतानाच काकूंनी एका दमात सांगून टाकलं, "मीच घासली, लोलकही मीच बदलला होता, आता जुना लावलाय."

त्याने घंटा उचलली आणि दोनदा वाजवली. ठक. ठक. मग ती छातीशी धरून तो खिडकीपाशी गेला. काका उठून चहा टाकायला गेले.

"बघ ना," काकू त्याला हळूच म्हणाल्या, "अजूनही धड ऐकू येत नाही."

"ती तुम्हाला बोलावत नाहीये, काकू," एफोसा म्हणाला.

काकू आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले. पितळी लोलक मी त्यांना परत दिला. तो श्रीखंडाच्या डब्यात गेला.

माझ्या कामाच्या फॉर्मवर 'वस्तू कशासाठी वापरणार?' हा प्रश्न शेवटच्या पानावर होता, आणि बहुतेक वेळा मी तो रिकामाच ठेवत असे. सोमवारी तो पहिल्या ओळीत आणला.