आधी सांगणाऱ्या राऊतबाई

जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी शिकाऊ अभियंता म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात एका मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली. दिवसभर पाणी बंद राहणार होतं. सूचना फलकावर लागली होती. तरीही आमच्या विभागप्रमुख शैलजा राऊत यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसायला सांगितलं. चामटोलीकडच्या वस्तीत आम्ही घरोघर फिरलो. हे अभियंत्याचं काम नाही, असं मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "फळा वाचून कोणी पाणी भरून ठेवत नाही."

वाहिनीच्या टोकाच्या घरात बाळंतीण होती. तिची सासू म्हणाली, "आधी सांगलास, बरा केलास गो." बाईंनी तिथूनच फोन करून दुरुस्ती एक दिवस पुढे ढकलली. 

बाईंची तांत्रिक कामगिरी, पंपांची नवी जोडणी, गळती शोधण्याची त्यांची पद्धत, यांविषयी या गौरवग्रंथात इतर सहकारी अधिक अधिकाराने लिहितील. मी एका लग्नाविषयी लिहिणार आहे. ते माझं आहे.

रेश्मा उल्हासनगर कॅम्प पाचमधली, मी अंबरनाथची. आता आम्ही दोघी नोकरीसाठी बंगळूरुला असतो. दोन मुलींच्या लग्नाची नोंद आपल्याकडे कुठल्या कार्यालयात होत नाही, तेव्हा निदान विधी तरी आपल्या भागात व्हावा, असं आम्ही ठरवलं. दोन्ही घरांच्या मधली जागा म्हणून अंबरनाथची सार्वजनिक बाग निवडली. लोक डेस्टिनेशन वेडिंगला समुद्रकिनारी जातात आणि तुम्ही अंबरनाथला, अशी थट्टा बंगळूरुच्या मित्रांनी पुष्कळ केली. रेश्माच्या वडिलांना मात्र एकच काळजी होती. बागेत चूल पेटवता येत नाही, "तो फिर कढी-चावल गरम कैसे रहेगा?"

हिरवळीची परवानगी 'कौटुंबिक कार्यक्रम' म्हणून मिळाली. मी मांडवाचा आराखडा, विजेचा भार, खुर्च्यांची मांडणी असं सगळं तयार केलं आणि तपासायला बाईंकडे बदलापूरला नेलं. निवृत्त होऊनही त्यांनी ते गंभीरपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतः बागेत आल्या, हिरवळीखालून पाण्याचा पाइप गेला आहे हे त्यांनी दाखवलं, आणि खांब जमिनीत न ठोकता वाळू भरलेल्या पिंपांत उभे करायला लावले. मग त्यांनी, पाण्याच्या प्रत्येक शटडाउनआधी विचारायच्या तो, नेहमीचा प्रश्न विचारला. पाणी कोणाचं बंद होणार आहे?

त्या सकाळी हिरवळ बंद राहणार म्हणजे फिरायला येणाऱ्यांची गैरसोय होणार होती. फाटकावर पाटी लावते, असं मी म्हटलं. बाईंना ते पटलं नाही. कारण त्या फिरणाऱ्यांत माझी आई होती, हे त्यांना माहीत होतं. ती रोज सकाळी त्याच बागेत येते. रेश्मा माझी मैत्रीण, एवढंच तिला माहीत होतं. पुढचं कळलं तर ती माझ्याशी संबंध ठेवेल की नाही, याचा मला अंदाज नव्हता. लग्न उरकल्यावर तिला सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

बाईंनी आईला सांगावं, अशी विनंती मी केली. त्यांनी साफ नकार दिला. "शटडाउन ज्याचा, दार त्याने वाजवायचं. मी सोबत येते."

त्या खरंच सोबत आल्या. मी आईला सांगत होते तेव्हा त्या शेजारी बसून चहा पीत होत्या.   मग माझ्याकडे न बघता आईने बाईंना विचारलं, "मी फिरायला जाते त्याच बागेत?"

"हो. म्हणून तर आधी सांगायला आलोय."

"मग त्या दिवशी मी कुठे फिरू?"

"ट्रॅक उघडा आहे," बाई म्हणाल्या. "हिरवळ तेवढी बंद."

आईने कप उचलले आणि ती आत गेली. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.

पुढच्या दोन सकाळी बाई मला घेऊन बागेतल्या हास्यक्लबकडे गेल्या. मी त्यांना कार्यक्रम काय आहे ते नेमकं सांगितलं. एक आजोबा कुरकुरले, की बागेत हे नवीनच. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना मुलांच्या घसरगुंडीजवळची सावलीची जागा सुचवली. तिथे ऊन उशिरा येतं, हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

लग्नाच्या सकाळी आई आली. रोजच्या वेळेला, रोजच्या फाटकाने, पायात फिरायचे बूट. हिरवळीकडे न बघता तिने ट्रॅकवर चालायला सुरुवात केली. मी जागची हलले नाही. बाई खुर्चीवरून उठल्या आणि नेसत्या पैठणीनिशी आईच्या शेजारी चालू लागल्या. दोघींनी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या.  मग हिरवळीच्या कडेला आई थांबली, तिने वाकून बुटांचे बंद सोडले, आणि ती मांडवात आली. रेश्माच्या मुंडावळ्या सैल झाल्या होत्या, त्या तिने घट्ट बांधल्या.

बाईंनी शिकवलं तसं, हा लेख छापायला देण्याआधी मी तो आईला वाचून दाखवला. माझं किंवा रेश्माचं काहीच तिला खटकलं नाही. शेवट मात्र तिला अपुरा वाटला. "नुसतं दीर्घायुष्य काय लिहितेस? त्यांच्या गुडघ्यांचं लिही. त्या दिवशी माझ्याबरोबर चालताना त्यांना दुखत होतं. सांगितलं नाही त्यांनी. तेवढंच एक त्या आधी सांगत नाहीत."

तेव्हा साठी पूर्ण करणाऱ्या राऊतबाईंना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्या गुडघ्यांना पुढच्या सगळ्या फेऱ्यांचं बळ मिळो. सोबतीला आई रोज सकाळी बागेत असतेच.